पर्यावरणशास्त्र आणि धोरण: पदव्युत्तर शिक्षण कसे आखावे, कसे पार पाडावे

पर्यावरणाच्या क्षेत्रात दोन तऱ्हेची माणसे हमखास भेटतात. एकाला नमुना कसा घ्यायचा, कसा तपासायचा हे पक्के ठाऊक असते. पण ‘मग आता परवाना द्यायचा की नाही?’ असे विचारले की तो ‘अजून अभ्यास हवा’ म्हणून मोकळा होतो. दुसरा धोरणाचा मसुदा झोकात लिहितो, पण परिशिष्टातला तक्ता आला की गुपचूप पान उलटतो. पर्यावरणशास्त्र आणि धोरण अशी जोडपदवी आहे ती या दोघांमधली फट बुजवायला. मोजलेल्या आकड्याचा निर्णय कसा होतो आणि तो होताना आकड्याचे काय काय केले जाते, हे तिथे शिकायचे असते. अभ्यासक्रम, मार्गदर्शक, प्रबंधाचा विषय, सगळे याच कसोटीवर निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: आधी प्रश्न, मग विद्यापीठ

बहुतेक जण विद्यापीठांच्या क्रमवारीपासून सुरुवात करतात आणि विषय ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणतात. या क्षेत्रात ते महागात पडते, कारण एकाच नावाच्या दोन पदव्यांमध्ये शिकवले जाते ते जमीन-अस्मानाच्या फरकाचे असू शकते.

‘हवामान बदल’ किंवा ‘नदीप्रदूषण’ हे प्रश्न नव्हेत, विषयांचे गठ्ठे आहेत. कामाच्या प्रश्नात तीन गोष्टी लागतात: काय बिघडते आहे, त्यावर निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि त्याच्या हातात उपाय कोणता आहे. उदाहरणार्थ, सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातली फॉस्फरसची मर्यादा कडक केली तर खालच्या तलावातले शेवाळ किती कमी होईल, आणि खर्च कोण उचलेल? प्रश्न असा मांडला की काय शिकावे लागेल ते आपोआप दिसते: जलरसायन, परिसंस्थेची जाण, खर्च-लाभ विश्लेषण आणि परवाने देणारा कायदा. पुढे प्रश्न बदलला तरी काही बिघडत नाही. बहुतेकांचा बदलतोच.

आपला कल कुठे आहे हे चाचपायचे असेल तर एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा अहवाल, मुळातून वाचून काढा. अमेरिकेच्या १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने ही पद्धत सुरू केली आणि आज जगातल्या बहुतेक देशांत ती या ना त्या रूपात आहे. अनेक ठिकाणी हे अहवाल संकेतस्थळावर मोफत मिळतात. सुरुवातीचा सारांश मात्र सोडून द्या. तो प्रकल्पाला सोयीचा असाच लिहिलेला असतो. आधी प्रकल्पापूर्वीच्या स्थितीचे प्रकरण उघडा. मोजणी कोणत्या ऋतूत झाली, किती दिवस, किती ठिकाणी? पावसाच्या दिवसांत घेतलेले धुळीचे आकडे वर्षभराची हवा सांगत नाहीत. मग पर्यायांचे प्रकरण घ्या. ‘प्रकल्प केलाच नाही तर’ हा पर्याय खरोखर तपासला आहे, की दोन ओळींत उडवून लावला आहे? शेवटी देखरेखीचा आराखडा: कोण मोजणार, कोणाला कळवणार, आणि मर्यादा ओलांडली तर नेमके काय होणार?

तक्त्यांत मन रमले तर विज्ञानाकडे झुकलेली पदवी घ्या. पर्याय आणि देखरेख वाचताना पेन्सिल चालू लागली तर धोरणाकडे झुकलेली. आणि वाचवलेच गेले नाही, तर ते फी भरण्याआधी कळलेले बरे.

दुसरी पायरी: पदवीच्या नावाला भुलू नका

एमएस्सी, एमए, एमपीए (सार्वजनिक प्रशासन), एमपीपी (सार्वजनिक धोरण) अशी नावे पाहून फारसे कळत नाही. ढोबळमानाने तीन प्रकार धरा. पहिल्यात विज्ञान मुख्य आणि धोरणाचे दोन-तीन पेपर जोडीला. दुसऱ्यात सार्वजनिक प्रशासन किंवा अर्थशास्त्र मुख्य आणि त्यात विज्ञानाचा भक्कम डोस. तिसरा संशोधनाचा, ज्यात वर्गातले तास कमी आणि प्रबंध मोठा. पीएचडीचा विचार असेल तर तिसरा, नाहीतर पहिल्या दोघांपैकी.

दुसऱ्या प्रकारचा एक चांगला नमुना म्हणजे कोलंबिया विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र आणि धोरण विषयातला एमपीए. तो १२ महिन्यांचा आहे. उन्हाळी सत्रात आधी रसायन, जलविज्ञान, हवामानशास्त्र, परिसंस्था असे विज्ञान घेतले जाते आणि मग व्यवस्थापन व धोरण. शिवाय कायदेमंडळात मांडलेले एखादे पर्यावरणविषयक विधेयक घेऊन त्यामागचे विज्ञान आणि अंमलबजावणी उलगडण्याची कार्यशाळा असते. तिथे जा असा आग्रह नाही, पण दुसरीकडे कुठे अर्ज करताना ‘अशी कार्यशाळा इथे आहे का?’ हा प्रश्न जरूर विचारा. युरोपात इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेतले संयुक्त अभ्यासक्रम आहेत. त्यांत किमान दोन देशांत शिकायला मिळते. वेगवेगळ्या देशांचे कायदे जवळून पाहण्यासाठी ते उत्तम, मात्र दर सत्राला बिऱ्हाड हलवण्याची तयारी ठेवा.

माहितीपत्रकातले ऐच्छिक विषय पाहून हुरळून जाऊ नका. त्यातले अर्धे दर वर्षी शिकवलेही जात नाहीत. बघायची ती अनिवार्य विषयांची यादी. त्यात संख्याशास्त्र आणि कायदा किंवा अर्थशास्त्र हे दोन्ही नसतील तर जोडपदवीतला ‘जोड’ कागदावरच आहे असे समजा. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संग्रहात मागच्या दोन-तीन वर्षांचे प्रबंध पाहा. तिथली खरी पातळी त्यांतून जेवढी कळते तेवढी माहितीपत्रकातून नाही.

एक वर्ष की दोन? कामाचा अनुभव गाठीशी असेल तर एक वर्ष पुरते. विषय बदलून येणाऱ्याने दोन वर्षांचाच अभ्यासक्रम घ्यावा, कारण मधल्या सुट्टीत इंटर्नशिप करता येते आणि पहिली नोकरी बऱ्याचदा तिथूनच मिळते.

तिसरी पायरी: पाया, आणि त्यात संख्याशास्त्र सर्वांत आधी

प्रवेश मिळाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचा काळ वाया घालवू नका. रसायनशास्त्र शाळेनंतर सुटले असेल तर आम्ल-आम्लारी, विद्राव्यता आणि ऑक्सिडीकरण एवढे तरी उजळून घ्या. जीआयएससाठी, म्हणजे संगणकावर नकाशे आणि स्थळांची माहिती हाताळण्यासाठी, क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. आकडेवारीसाठी ‘आर’ किंवा पायथन या संगणकी भाषांपैकी एकच धरा, दोन्हींच्या मागे लागू नका.

संख्याशास्त्रावर मात्र रेंगाळावेच लागेल. पिण्याच्या पाण्यातल्या शिशाचे दहा नमुने घेतले असे समजा. सहांचे आकडे आले: ८, ९, ११, १३, १८ आणि २३ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. उरलेल्या चारांपुढे प्रयोगशाळेने लिहिले ‘बीडीएल’, म्हणजे उपकरणाच्या मोजण्याच्या किमान मर्यादेखाली. ती मर्यादा ५ धरू. आता सरासरी किती? ‘बीडीएल’ म्हणजे शून्य धरले तर ८.२. मर्यादेची निम्मी किंमत, म्हणजे २.५ धरली तर ९.२. पूर्ण ५ धरले तर १०.२. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे १०. म्हणजे पाणी तेच, प्रयोगशाळा तीच, आणि टेबलावर बसून घेतलेल्या एका गृहीतकाने नमुने ‘पास’ किंवा ‘नापास’ होतात. शिवाय या सरासरीच्या आड चार नळ १० च्या वर आहेत हे झाकले जाते, ते वेगळेच. त्या नळांचे पाणी पिणाऱ्या मुलांना सरासरीशी काय देणेघेणे?

हे पुस्तकी उदाहरण वाटत असेल तर मिशिगनमधल्या फ्लिंट शहराचे प्रकरण वाचा. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराला फ्लिंट नदीचे पाणी दिले जाऊ लागले. ते पाणी नळ गंजवणारे होते आणि गंजरोधक प्रक्रिया केली गेली नाही. जुन्या जोडण्यांतले शिसे पाण्यात उतरले. अमेरिकेच्या १९९१ च्या नियमानुसार यात सरासरी बघत नाहीत, नव्वदावे शततमक बघतात: नमुने चढत्या क्रमाने लावले की नव्वद टक्क्यांच्या जागी येणारा आकडा. तो १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या वर गेला की कारवाई भाग पडते. २०१५ च्या फेरीत जास्त शिसे असलेले दोन नमुने ‘निकषांत बसत नाहीत’ म्हणून वगळले गेले आणि अहवालातला आकडा १५ च्या खाली आला. नंतर व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने रहिवाशांसोबत घेतलेले पाण्याचे नमुने आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी मांडलेले मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे यांनी चित्र पालटले. दोन नमुने का वगळले, हा संख्याशास्त्राचा प्रश्न आहे, कायद्याचाही आणि नैतिकतेचाही. तो एकाच माणसाने विचारता यावा, म्हणून ही पदवी.

अर्थशास्त्रात दोन संकल्पना पक्क्या करा. पहिली बाह्य खर्चाची: प्रदूषकाच्या हिशेबात न येणारा खर्च कराच्या रूपाने त्याच्यावर आणावा, हा आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेला विचार, आजच्या कार्बन कराचे मूळ त्यातच आहे. दुसरी वटाव दराची, म्हणजे भविष्यातल्या नुकसानीची आजची किंमत काढण्याच्या दराची. शंभर वर्षांनी होणाऱ्या १०० कोटींच्या नुकसानीची आजची किंमत १.४ टक्के दराने सुमारे २५ कोटी येते. ४ टक्क्यांनी जेमतेम २ कोटी. १.४ हा निकोलस स्टर्न यांच्या २००६ च्या हवामान बदलावरील अहवालातला दर, आणि त्यावर अर्थतज्ज्ञांत झालेला वाद प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी मुळातून वाचावा. कुठलाही खर्च-लाभ अहवाल हातात आला की मी आधी हा दर कुठे लपवला आहे ते शोधतो.

कायद्यासाठी वकिली शिकायची गरज नाही. एखादा नियम घ्या आणि चार उत्तरे शोधा: कोणावर बंधन आहे, कधीपर्यंत, तपासणार कोण, आणि मोडला तर काय. चौथ्याचे उत्तर सापडले नाही तर नियम शोभेचा आहे.

चौथी पायरी: मार्गदर्शक

संशोधनाच्या पदवीत विद्यापीठापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. त्याला पाठवायचा मेल दीडशे-दोनशे शब्दांचा असावा. ‘आपल्या कार्याने मी प्रभावित झालो’ असे वाक्य प्राध्यापक रोज वाचतात आणि पुढे जातात. त्याऐवजी त्यांचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचून एक खरी शंका विचारा: ‘तुम्ही सहा केंद्रांची आकडेवारी वापरली आहे, महामार्गालगतचे केंद्र वगळले तर निष्कर्ष टिकतो का?’ मग तुमचा प्रश्न दोन ओळींत, तुम्हाला काय करता येते ते दोन ओळींत, आणि येत्या वर्षी ते विद्यार्थी घेणार आहेत का, ही विचारणा. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करा, नंतर नाद सोडा.

त्यांच्याकडे सध्या शिकणाऱ्यांशीही बोला. मसुदा किती दिवसांनी परत येतो? मागच्या तीन विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली? शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे असते? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ते अडखळणे हेच उत्तर.

पाचवी पायरी: अर्ज आणि पैसा

वर्ग सुरू होण्याच्या बारा ते पंधरा महिने आधी कामाला लागा, कारण शिष्यवृत्त्यांच्या मुदती बऱ्याचदा प्रवेशाच्या मुदतीच्याही आधी संपतात. एसओपीची, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देश-निबंधाची, सुरुवात ‘लहानपणापासून मला निसर्गाची ओढ’ अशी करू नका. पहिल्या परिच्छेदात तुमचा प्रश्न यावा, दुसऱ्यात त्यासाठी आजवर काय केले, तिसऱ्यात याच अभ्यासक्रमातले कोणते विषय का लागतात. शिफारसपत्र देणाऱ्यांना तुमच्या कामाचे एक पानी टिपण आणि मुदतीची तारीख द्या. त्याने पत्र ठोस होते. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक विभागांनी काढून टाकली आहे, तेव्हा पैसे भरण्याआधी विभागाचे संकेतस्थळ बघा.

अमेरिकेत पीएचडीला बहुधा असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबदली मानधन, मिळते, मास्टर्सला क्वचित. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. जर्मनीची डीएएडी, अमेरिकेची फुलब्राइट आणि इरास्मस मुंडस या शिष्यवृत्त्यांचे निकष वेगवेगळे आहेत. प्रत्येकाची पात्रता आधी तपासा आणि मगच निबंध लिहायला बसा. आणि हिशेबात एक खर्च हमखास राहून जातो, तो क्षेत्रकार्याचा: प्रवास, उपकरणांचे भाडे, प्रयोगशाळेचे प्रति नमुना दर, दुभाषा. विभाग यातले काय देतो हे प्रवेश स्वीकारण्याआधी लेखी विचारा.

सहावी पायरी: प्रबंध

प्रबंधाचा विषय पहिल्या सत्राच्या अखेरीस ठरला पाहिजे. मुलाखती किंवा घरोघरचे सर्वेक्षण असेल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते आणि तिला आठवडे जातात. स्वतः नमुने गोळा करण्याची हौस प्रत्येकाला असते, पण मास्टर्सच्या मुदतीत एक ऋतू हुकला की वर्ष हुकते. आधीच उपलब्ध असलेली देखरेखीची आकडेवारी नीट साफ करून तिला धारदार प्रश्न विचारणारा प्रबंध मला अधिक मोलाचा वाटतो.

धोरणाचा परिणाम मोजायचा असेल तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढी तुलना पुरत नाही. आयर्लंडच्या डब्लिन शहराचे उदाहरण बघा. १९९० मध्ये तिथे धूर करणाऱ्या कोळशाच्या विक्रीवर बंदी आली. हवेतला काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी घटला. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने श्वसनाच्या आणि हृदयविकाराच्या, दोन्ही प्रकारच्या मृत्यूंत घट दाखवली आणि तो जगभर उद्धृत झाला. पुढे २०१३ मध्ये काही त्याच संशोधकांनी बंदी नसलेल्या भागांशी तुलना करून पुन्हा पाहिले, तेव्हा हृदयविकाराचे मृत्यू तिथेही तसेच घटत होते असे दिसले. श्वसनविकारांतली घट मात्र टिकली. बंदी योग्यच होती, पण तिच्या नावावर जमा झालेले सगळे श्रेय तिचे नव्हते. तेव्हा प्रस्ताव लिहितानाच स्वतःला विचारा: हे धोरण नसते तर काय झाले असते, आणि ते मला कुठे बघायला मिळेल? शेजारचा जिल्हा, सवलत मिळालेला उद्योग, नियम उशिरा लागू झालेले शहर, यांपैकी काही सापडले नाही तर विषय बदला.

सातवी पायरी: अनिश्चितता सांगायला शिका

हे वर्गात कमी शिकवतात आणि कामात रोज लागते. दोन पानी धोरण टिपण लिहिण्याचा सराव ठेवा: पहिल्या परिच्छेदात शिफारस, मग पर्याय, कोणाला झळ बसेल, आणि कोणता आकडा बदलला तर शिफारसही बदलेल. हे शेवटचे कलम बहुतेक जण गाळतात, आणि नेमके तेच वाचणाऱ्याला हवे असते. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळ, त्याच्या अहवालांत यासाठी ठरावीक मोजपट्टी आहे: ‘संभाव्य’ म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक शक्यता, ‘अतिसंभाव्य’ म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक. तुमच्या टिपणातही अशी पट्टी ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत पाळा.

पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबायचे का, या प्रश्नावर ओझोनचा घटनाक्रम पाठ असावा. सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन या रसायनांमुळे वातावरणातला ओझोन नष्ट होऊ शकतो हे मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडले. ओझोन संरक्षणाचा व्हिएन्ना करार झाला मार्च १९८५ मध्ये. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या मोठ्या घटीचा शोधनिबंध आला त्यानंतर, मे महिन्यात. सप्टेंबर १९८७ मध्ये सीएफसीवर मर्यादा घालणाऱ्या माँट्रियल प्रोटोकॉलवर सह्या होत होत्या, तेव्हा त्या घटीचे नेमके कारण शोधणारी विमाने अंटार्क्टिकावर अजून मोजमापे घेत होती. करार करणाऱ्यांनी शहाणपणा केला तो असा की पहिल्या मसुद्यात सीएफसी निम्म्यावर आणण्याचेच बंधन घातले, पण ठरावीक काळाने वैज्ञानिक आढावा घेऊन मर्यादा कडक करण्याची तरतूद त्यातच ठेवली. १९९० मध्ये लंडनला संपूर्ण बंदी ठरली. तुमच्या शिफारशीतही फेरविचाराची तारीख आणि निकष असे नेमके लिहा.

पदवी संपताना

नियामक संस्था, सल्लागार कंपन्या, स्वयंसेवी संस्था, आंतरराष्ट्रीय संघटना आणि उद्योगांचे पर्यावरण विभाग, अशा पाच दिशांना वाटा फुटतात. सल्लागार कंपनीत हात लवकर तयार होतो, पण अहवालाचे पैसे प्रकल्पवालाच देतो, हे रुजू होण्याआधी ध्यानात घ्या. मुलाखतीला प्रबंधातला एकच आलेख न्या आणि त्यावर पाच मिनिटे बोलता येईल अशी तयारी करा. पीएचडीसाठी मात्र लगेच रांगेत उभे राहू नका. एक-दोन वर्षे निर्णय होतात तिथे बसून आलात तर तुमचा प्रश्न अधिक चांगला होतो आणि मार्गदर्शकही तुम्हाला अधिक गांभीर्याने घेतात.

विद्यापीठाचा लॉगिन पदवीनंतर बंद होतो, तेव्हा त्याआधी प्रबंधाची मूळ आकडेवारी, ती साफ करण्याचा कोड आणि कोणते नमुने का वगळले याची नोंद एका खुल्या संग्रहात ठेवा. झेनोडो या संग्रहावर ते मोफत होते आणि उद्धृत करण्यासाठी डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. मुलाखती घेतल्या असतील तर नावे आणि ओळख पटेल असे सगळे काढून मगच.